एक्कावन्न सालचा बारावा गडी

"काखेत काय आहे?" येगोर निकितिचनं विचारलं.

"प्रुफं," मी म्हणालो. "झारेचेन्स्कच्या सैनिक क्लबाचा इतिहास. फुटबॉलचा."

तो माझा कोट खुंटीवरून काढून देत होता. कोट त्याच्या हातातच राहिला.

"एक्कावन्न सालची फायनल आहे त्यात?"

"आहे की. पान चौसष्ट."

"अकरा जणांची नावं वाच बघू."

१९८३ सालचा मार्च होता. मी एकोणतीस वर्षांचा, कोल्हापूरचा शिवराम इंगवले, मॉस्कोतल्या एका प्रकाशनगृहात रशियन पुस्तकं मराठीत आणण्याच्या नोकरीवर होतो. येगोर निकितिच रोझ्कोव तिथे तळमजल्यावर लोकांचे कोट सांभाळायचा. त्या देशात कुणी ओव्हरकोट घालून कचेरीत वर जात नाही. खाली द्यायचा आणि पत्र्याचा बिल्ला घ्यायचा. माझ्या पहिल्याच दिवशी त्यानं माझा कोट परत केला होता, कारण कॉलरच्या आत खुंटीला अडकवायची पट्टी नव्हती. कोल्हापूरच्या शिंप्याला असलं काही असतं हेच माहीत नव्हतं. मला चार लोकांदेखत झापून झाल्यावर त्यानंच सुईदोरा काढून पट्टी शिवून दिली, आणि तेव्हापासून आमचं जमलं. पंचावन्न वर्षांचा, उजव्या पायानं लंगडणारा, बोलायला फटकळ. मी त्याला तिकडच्या रीतीप्रमाणे नाव आणि वडिलांचं नाव घेऊन 'तुम्ही' म्हणायचो. तो मला सरळ अरेतुरे करायचा.

फुटबॉल क्लबाचा इतिहास मराठीत कशाला, हे मला कुणी विचारू नये. मीही कुणाला विचारलं नव्हतं. दरवर्षी प्रत्येक भाषेत खेळाची दोन पुस्तकं निघावीत असं योजनेत लिहिलेलं होतं. आदल्या वर्षी बुद्धिबळ आणि जिम्नॅस्टिक झालं होतं, यंदा या क्लबाला साठ वर्षं होत होती. बर्फावर घसरायला शिकलेल्या काही शिपायांना उन्हाळ्यात काय करावं कळेना म्हणून त्यांनी चेंडू आणला, इथून हा इतिहास सुरू व्हायचा आणि मग एकशेवीस पानं नुसता जिंकत जायचा. हरलेले सामने त्यात नव्हते. मधली काही वर्षं तर अख्खीच नव्हती.

मी नावं वाचू लागलो. येगोर निकितिच एकेका नावाला मान हलवत होता. सातव्या नावाला त्यानं मला थांबवलं.

"उजव्या बगलेला कोण म्हणालास?"

"चुमाकोव. गेन्नादी पाव्लोविच चुमाकोव. यानंच प्रस्तावना लिहिलीय. आता कर्नल आहे, क्लबाचा प्रमुख."

"गेन्नादी चुमाकोव त्या दिवशी रेघेबाहेर चेंडूंची पिशवी सांभाळत बसला होता," येगोर निकितिच म्हणाला. "उजव्या बगलेला मी होतो. घाल कोट, सर्दी होईल."

म्हातारा फेकतोय असंच मला वाटलं. एकेकाळी आपण कसे गोल मारायचो हे सांगणारी माणसं आमच्या पेठेत दर दोन घरांआड होती, आणि त्यांतल्या निम्म्यांनी चेंडूला पायसुद्धा लावला नव्हता. पण फेकणारा माणूस 'कोट घाल' म्हणून गप्प बसत नाही. तो तुम्हाला धरून ठेवतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मुद्दाम त्याच्याकडे गेलो.

"मी ट्रॅक्टरच्या कारखान्यात होतो, तिथल्या संघात," तो म्हणाला. "आमच्याकडे प्रत्येक तरुणाला तीन वर्षं सैन्यात जावंच लागायचं. त्यामुळे सैनिक क्लबाला खेळाडू शोधत फिरावं लागत नसे. जो आवडला त्याला भरतीची चिठ्ठी. अठ्ठेचाळीस साली आम्ही त्यांना तीन गोल मारले, त्यातले दोन मी. रविवारी सामना झाला, मंगळवारी चिठ्ठी आली."

"म्हणजे मग बंदूक वगैरे?"

"एकदा धरली. फोटोसाठी. कॉर्नर चांगले मारायचो म्हणून सार्जंट झालो. आमचा गोलरक्षक लेफ्टनंट होता, त्याला तर धड सलामही ठोकता यायचा नाही."

एक्कावन्नमध्ये हा संघ साऱ्या सैन्यदलांच्या चषकाच्या फायनलला गेला. चौऱ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. मग येगोर रोझ्कोवनं उजवीकडून आत घुसून गोल मारला आणि चषक क्लबाचा झाला. नोव्हेंबरात त्याची तीन वर्षं भरली.

"राहा म्हणाले. ऑफिसर करतो, खोली देतो. मी म्हटलं, मुदत संपली, घरी जातो. तमारा वाट बघत होती, लग्न ठरलं होतं. त्यांनी मला सुटकेचा कागद दिला. मी वाचला, खिशात घातला आणि गाडीत बसलो."

"मग त्यात चुकलं काय?"

"कागद वाचला, हेच चुकलं. बाकीचे म्हणाले, येड्या, तो कागद त्यांनी द्यायचा असतो आणि आपण नको म्हणायचं असतं."

क्लबाच्या इतिहासाच्या पुढच्या आवृत्तीत त्याचं नाव नव्हतं. त्या जागी पिशवी सांभाळणारा चुमाकोव आला. गोलाचं मात्र काय करावं हे कुणाला सुचलं नसावं. मी प्रुफं काढून बघितली. तिथे लिहिलं होतं, 'चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला संघाने निर्णायक गोल केला.' अकरा जणांनी मिळून.

"आमच्याकडेही असंच असतं," मी त्याला सांगितलं. "कोल्हापुरात प्रत्येक पेठेची तालीम असते. कुस्ती तिथंच आणि फुटबॉलचा संघही तिथलाच. आमचा दत्तू सुतार पलीकडच्या पेठेकडून खेळायला गेला, तर रातोरात त्याचा फोटो तालमीच्या भिंतीवरून खाली आला. भिंतीवर नुसता चौकोन राहिला."

"म्हणजे तुमच्याकडेही सैन्य आहे तर," तो म्हणाला.

मग त्यानं नीनाचं सांगितलं, आणि ते सांगताना तो माझ्याकडे न बघता बिल्ले रांगेत लावत होता. नीना त्याची एकुलती लेक. पाचवीत असताना तिनं वर्गात सांगितलं की माझ्या बाबांनी सैन्यदलाचा चषक जिंकून दिला. बाईंनी ग्रंथालयातून क्लबाचा इतिहास मागवला आणि साऱ्या वर्गासमोर अकरा नावं मोठ्यानं वाचून दाखवली. रोझ्कोव त्यात नव्हता. वर्ग हसला.

"त्या दिवसापासून ती माझं काही खरं धरत नाही. बाहेर बर्फ पडतोय म्हटलं तरी खिडकीशी जाऊन बघते. तमारा गेल्यावर मी तिच्याजवळ म्हणून मॉस्कोला आलो. दोन स्टेशनं पलीकडे राहते. वर्षातून दोनदा येते, वाढदिवसाला आणि विजयदिनाला. तीस वर्षांची झाली. शाळेत गणित शिकवते."

त्यानं माझ्याकडे काही मागितलं नाही. मागितलं असतं तर मी नियम सांगून सुटलो असतो.

आता आमच्या संपादिकांविषयी सांगायला हवं. ल्युदमिला सेर्गेयेव्हना लेनिनग्राडला मराठी शिकल्या होत्या, तेही जुन्या ग्रंथांवरून. महाराष्ट्र त्यांनी पाहिला नव्हता. त्यांचं मराठी इतकं शुद्ध होतं की ऐकताना आपण सकाळी आंघोळ केली होती ना, अशी शंका यायची. 'फुटबॉल' हा शब्द त्यांना पसंत नव्हता. 'पादकंदुक' हवा होता. त्यावर आम्ही तीन दिवस भांडलो. शेवटी 'पादकंदुक' कोल्हापुरात कुणी वाचलं तर पुस्तक विहिरीत टाकतील, असं मी लेखी दिलं तेव्हा त्या नमल्या.

त्यांची तपासायची एक पद्धत होती. डावीकडे मूळ रशियन, उजवीकडे माझं मराठी. रशियनमधला एकेक शब्द, एकेक नाव, एकेक आकडा वाचायचा आणि तो मराठीत सापडला की पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायचं. एक टिंब जरी राहिलं तरी पान परत. अठरा वर्षांत त्यांच्या नजरेतून एक स्वल्पविराम सुटला नव्हता. पण त्या नेहमी रशियनकडून मराठीकडे जायच्या. मराठीत काही जास्तीचं शिरलंय का हे बघायचं तर उलटं जावं लागतं. भाषांतरकार कामचुकारपणा करील ही धास्ती त्यांना होती. तो जास्तीचं काम करील हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

म्हणजे चुमाकोवचं नाव मला काढता येत नव्हतं, पण रोझ्कोवला आत घेता येत होतं. मी घेतलं. चुमाकोवपुढे स्वल्पविराम दिला आणि 'ये. नि. रोझ्कोव' लिहिलं. पान टिंबं लेवून निर्धास्त छापायला गेलं. कोल्हापुरात जन्मलेल्या माणसानं संघाची यादी दिसली की पहिल्यांदा जे करायचं, ते मात्र मी केलं नाही. मी नावं मोजली नाहीत.

ऑगस्टमध्ये पुस्तक आलं. तीन हजार प्रती बोटीनं मुंबईला गेल्या, दहा कचेरीत राहिल्या. त्यातली एक मी येगोर निकितिचला दिली आणि चौसष्टाव्या पानावर बोट ठेवलं. त्यानं चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"यात मी आहे?"

"हे बघा. ये, नि, रोझ्कोव."

त्यानं त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "तुमची अक्षरं चांगली आहेत. प्रत्येकाला वर अडकवायची सोय आहे." आणि नाकात बोलल्यासारखं काहीतरी पुटपुटून तो आत कोटांच्या रांगेत गेला. मी त्याची वाट पाहिली नाही. त्याला तिथे थोडा वेळ हवा होता.

चौथ्या दिवशी नीना मला भेटायला आली. उंच, ताठ, हातात शाळेची बॅग. पुस्तक तिनं वर्तमानपत्राचं कव्हर घालून आणलं होतं.

"हे नाव रशियन पुस्तकात नाही," ती म्हणाली. "मग मराठीत कसं?"

"मराठी आवृत्ती सुधारून काढलेली आहे."

"म्हणजे हे अधिकृत आहे?"

"मागच्या पानावर प्रकाशनगृहाचं नाव आहे, बघा. इथे अधिकृत नसलेलं काही छापतच नाहीत."

तिनं मला ती ओळ अक्षर अक्षर करून वाचायला लावली. मग ते नाव रशियनमध्ये लिहून खाली सही करायला सांगितली. मी केली. तिनं कागदाची घडी घालून पुस्तकात ठेवली.

"वीस वर्षं मी त्यांना खोटारडा समजत होते," ती म्हणाली. "आई गेली तेव्हासुद्धा."

सप्टेंबरपासून ती दर रविवारी बापाकडे जाऊ लागली. सोमवारी येगोर निकितिच मला काउंटरखालून कोबी भरलेल्या भाजलेल्या करंज्या द्यायचा आणि वर 'जरा जळल्यात' म्हणायचा. जळलेल्या नसायच्या. मी फार खूष होतो. तीन हजार प्रतींत एक स्वल्पविराम, तोही कुणी न वाचणाऱ्या पुस्तकात, आणि एका माणसाचं घर परत मिळालं, एवढा हिशेब करून मी माझ्यावरच भाळलो होतो.

पण कुणी वाचणार नाही हे मी कोणाविषयी समजत होतो? मराठी माणसाविषयी. आमच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी छापलेलं असायचं, की वाचकांनी आपला अभिप्राय खालील पत्त्यावर जरूर कळवावा. इतर भाषांतले लोक ते वाचून सोडून देत. मराठी लोक कळवत. आणि वाचकाच्या प्रत्येक पत्राचं रशियन भाषांतर तीन प्रतींत करून तीस दिवसांत उत्तर द्यायचं, असा आमचा नियम होता. ते भाषांतर मीच करायचो.

डिसेंबरात पत्र आलं. कोल्हापूरहून, श्री. विष्णू आप्पाजी सरनाईक, निवृत्त पंच, यांचं.

'स. न. वि. वि. आपले पुस्तक वाचले. कागद झकास, छपाई झकास, वास मात्र रॉकेलचा येतो. मी सत्तावीस वर्षे कोल्हापुरात फुटबॉलचा पंच होतो व दोनदा मार खाल्ला आहे. पान ६४ वर आपल्या सैनिक संघाने फायनल मारली तेव्हा मैदानात बारा गडी असल्याचे दिसते. मी तीनदा मोजले. मग सुनेकडून मोजून घेतले. आमच्याकडं बारावा गडी उतरला तर पंचाला आपल्या पायांनी घरी जाता येत नाही. समोर सैन्य बघून तुमचा पंच दबला असावा, हे मी समजू शकतो. तरी सदर चषक समोरच्या संघास परत करावा ही विनंती. कळावे. प्रत मुंबईच्या रशियन वकिलातीस दिली आहे.'

माझी पाचावर धारण बसली. शेवटचं वाक्य नसतं तर मी भाषांतरात अकराच गडी ठेवून सुटलो असतो. वकिलातीतल्या माणसानं मात्र आपलं भाषांतर आधीच मॉस्कोला धाडलं होतं.

ल्युदमिला सेर्गेयेव्हनांनी मला बोलावलं तेव्हा टेबलावर दोन्ही पुस्तकं उघडी होती.

"श्रीयुत इंगवले, पादकंदुकाच्या संघात क्रीडापटू किती असतात?"

"अकरा."

"मी एका मासिकातही पाहिले. अकराच असतात." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "आपण असे का केलेत?"

मी सगळं सांगितलं. खालच्या मजल्यावरचा माणूस, पिशवी, सुटकेचा कागद, नीना. ल्युदमिला सेर्गेयेव्हनांचाही कोट रोज त्याच माणसाकडे असायचा.

"अठरा वर्षे मी उलट दिशेने तपासले नाही," त्या म्हणाल्या. "मला हे निवेदन करावेच लागेल. त्यात आपल्या नावाआधी मी माझे नाव लिहीन."

मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

जानेवारीत कर्नल चुमाकोव स्वतः झारेचेन्स्कहून आला. चौथ्या मजल्यावर मुख्य संपादकांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. मुख्य संपादक घाईत होते. त्यांनी सगळं ठरवूनच ठेवलं होतं. पुस्तकात चिकटवायला एक शुद्धिपत्र काढायचं, 'रोझ्कोव हे नाव वगळून वाचावे'. मी पहिल्या विमानानं भारतात परत. ल्युदमिला सेर्गेयेव्हनांना मराठीवरून हलवून गोदामाच्या याद्यांवर. मी मनात एकच विचार करत होतो. ते शुद्धिपत्र नीनाला दिसलं की ती म्हणेल, बाबांनी एका परदेशी माणसाला हाताशी धरून मला दुसऱ्यांदा फसवलं. या वेळी ती परत येणार नव्हती.

कर्नल दांडगा माणूस होता. तो इतका वेळ चौसष्टावं पान बघत होता. मराठी त्याला ओ की ठो येत नव्हतं.

"शुद्धिपत्र नको," तो म्हणाला.

"मग कसं?" मुख्य संपादकांनी विचारलं.

"शुद्धिपत्र काढलं म्हणजे पुस्तकात बारा होते हे आपण लिहून दिलं. उद्या कुणी म्हणेल, सैन्य बारा जण घेऊन खेळतं आणि मग पुस्तक दुरुस्त करतं. त्यापेक्षा सरळ आहे. एकाला दुखापत झाली. त्याच्या जागी बदली खेळाडू आला. अकरा आणि एक, बारा."

मुख्य संपादकांचा चेहरा उजळला. "उत्तम. कुणाला दुखापत?"

"मला," कर्नल म्हणाला. "घोट्याला."

मला राहवलं नाही. "साहेब, खाली कोट कुणाकडे दिलात ते बघितलंत का?"

"बघितलं," तो म्हणाला. "बोलवा त्याला वर."

येगोर निकितिच टोपी हातात घेऊन आला. इतक्या वर्षांत तो या मजल्यावर पहिल्यांदाच येत होता.

"बस, येगोर."

"उभा बरा आहे. गुडघा वाकत नाही."

कर्नलनं त्याच्यापुढे काहीही झाकून ठेवलं नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगेन. "नाव काढलं तर हा भारतीय घरी जाईल आणि या बाईंची खुर्ची जाईल. ठेवलं तर कुणालाच काही होत नाही. आणि मराठीतच नाही, पुढच्या रशियन आवृत्तीतही तुझं नाव येईल. मी सही करतो."

"बदली म्हणून?"

"बदली म्हणून."

"तुझ्या जागी?"

कर्नल खिडकीबाहेर बघू लागला. "खरं काय ते तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. कागदावर तेवढं उलटं होईल."

येगोर निकितिचनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग ल्युदमिला सेर्गेयेव्हनांकडे. त्या आपल्या पेन्सिलीकडे बघत होत्या.

"कितव्या मिनिटाला आलो मी?"

"ऐंशीव्या."

"चार मिनिटांत अंग तरी गरम होतं का? सत्तर कर."

"सत्तर फार होतात. अठ्ठ्याहत्तर."

"आणि गोल?"

"गोल संघाचा," कर्नल म्हणाला. "तो बत्तीस वर्षं संघाचा आहे, येगोर. त्याला मला हात लावता येत नाही."

कागद टाइप होऊन आला. 'मी, खाली सही करणार, एक्कावन्न सालच्या फायनलमध्ये अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला कॉम्रेड चुमाकोव यांच्या जागी मैदानात उतरलो.' येगोर निकितिचनं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"मागच्या खेपेला कागद वाचून निघून गेलो," तो म्हणाला. "आता वाचून सही करतो. शहाणा झालो." आणि त्यानं सही केली.

सरनाईकांना मी सविस्तर उत्तर लिहिलं. ल्युदमिला सेर्गेयेव्हनांनी ते दोन्ही दिशांनी तपासलं. महिन्याभरात सरनाईकांचं दुसरं पत्र आलं. 'एक्कावन्न साली बदली गडी कुठला? त्यावेळी पाय मोडला तरी दहा जणांत खेळत. आपल्याकडील त्या सालचे नियमपुस्तक पाठवावे. चषकाचे काय झाले ते कळवले नाहीत.' या वेळी वकिलातीला प्रत नव्हती. मी रशियनमध्ये लिहिलं, की वाचकाचं पूर्ण समाधान झालं असून तो क्लबाला शुभेच्छा देतो. तिन्ही प्रती फायलीत गेल्या.

चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात क्लबाच्या इतिहासाची नवी रशियन आवृत्ती निघाली. त्या रविवारी येगोर निकितिचनं मला जेवायला बोलावलं होतं. त्याची एक खोली, खिडकीशी टेबल, भिंतीवर तमाराचा फोटो. नीना उशिरा आली, पण धावत आली. पुस्तक तिनं दुकानातून स्वतः विकत घेतलं होतं. जिना चढतानाच वाचलं असणार, कारण कोट न काढताच ती टेबलाशी बसली आणि पान उघडून बापापुढे ठेवलं.

"तुमचं नाव आहे, बाबा. रशियनमध्ये."

"आहे ना? बरं झालं," तो म्हणाला आणि पाव कापू लागला.

"पण यात लिहिलंय, बदली खेळाडू. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला, चुमाकोव यांच्या जागी."

तो पाव कापतच होता.

"तुम्ही तर सांगायचात, पहिल्या मिनिटापासून मीच होतो."

"सांगायचो."

"आणि गोल मी मारला म्हणून."

"तेही सांगायचो."

"ते खरं नव्हतं ना?" ती अगदी मायेनं विचारत होती. रागानं विचारलं असतं तर त्यानं कदाचित वेगळं उत्तर दिलं असतं.

मी तोंड उघडलं. मला सगळं सांगायचं होतं, पिशवी, कर्नल, घोटा, सगळं. येगोर निकितिचनं माझ्याकडे न बघता म्हटलं, "शिवराम, चहा ओत."

मी चहा ओतला.

"जरा वाढवून सांगायचो," तो नीनाला म्हणाला. "तू लहान होतीस. बदली खेळाडूची गोष्ट ऐकायला कुणाला आवडतं?"

नीना उठली. मागून येऊन तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले आणि त्याच्या टकलावर ओठ टेकले. ती रडत होती आणि हसतही होती.

"बारा मिनिटं का होईना, खेळलात ना? एवढंच खरं सांगितलं असतं तर मी तेव्हाच मानलं असतं. वेडे कुठले."

"चुकलं माझं," तो म्हणाला आणि तिच्या हातावर थोपटत राहिला.

सबंध आयुष्यात लेकीला त्यानं सांगितलेलं ते पहिलं खोटं होतं, आणि तिनं ते ऐकताक्षणी खरं मानलं. मी समोर बसून चहा प्यालो. इतकी लाज मला त्याआधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. मी त्याला एक स्वल्पविराम दिला होता आणि त्याच्या बदल्यात त्याचा गोल, त्याची अठ्ठ्याहत्तर मिनिटं आणि त्याचा खरेपणा घेऊन बसलो होतो. आणि तो मात्र खूष होता. खरंच खूष होता, हे मला अजून गिळता येत नाही.

पुढच्या वर्षी मी कोल्हापूरला परत आलो. येगोर निकितिच त्यानंतर नऊ वर्षं जगला. शेवटची दोन वर्षं नीनानंच त्याला आपल्या घरी नेऊन सांभाळलं. तिचं नववर्षाचं कार्ड मला अजून येतं. त्यात एक वाक्य दरसाल असतं, 'तुमच्यामुळे माझे बाबा शेवटी माझ्याशी खरं बोलले.' मी उलट शुभेच्छा पाठवतो.